न उघडलेल्या इंजिनाचं कौतुक नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींवरचा सचित्र मजकूर आला होता. इथे जर्मनीत बसून मी तो दोनदा वाचला. गाड्या देखण्या आहेत, फोटोही छान आलेत. पण एका फोटोखाली 'पन्नास वर्षांत इंजिन एकदाही उघडलेलं नाही' अशी ओळ आहे आणि ती कौतुकानं छापली आहे. ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मला म्हणायचंय ते एवढंच की इंजिन उघडणं, मोजणं, झिजलेलं काढून नवं बसवणं आणि नीट बांधून परत चालू करणं, यालाच जुनी गाडी जपणं म्हणतात. आपल्याकडच्या नियमांतही नेमकी याच्या उलट समजूत शिरली आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच, पण आधी माझ्या घरी काय घडलं ते सांगते.

मी कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बोअरिंगचं, म्हणजे इंजिनाची झिजलेली सिलिंडरं आतून कातून देण्याचं, दुकान होतं. एक लेथ, एक उभं बोअरिंग मशीन, सिलिंडरची आतली भिंत दगडानं घासून सारखी करणारं होनिंगचं मशीन आणि दारात रॉकेलच्या टबात भिजत पडलेले ब्लॉक. सुरुवातीला नदीकाठच्या उसाला पाणी पाजणारी ऑईल इंजिनं यायची, नंतर स्कूटरींची रांग लागली. चेतकचं सिलिंडर बिडाचं. घासलं की पाव मिलिमीटर बोअर, म्हणजे आतला व्यास, वाढवायचं आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. पुढच्या खेपेला अर्धा, मग पाऊण. शाळेतून आल्यावर पिस्टन सोडून बघायचं काम माझ्याकडे असे. पुसून कोरडं केलेलं सिलिंडर उभं धरायचं आणि रिंगा न घातलेला पिस्टन वरून अलगद सोडायचा. धपकन गेला तर ढिला, अडकला तर घट्ट. स्वतःच्या वजनानं सावकाश खाली उतरला की आप्पा मान हलवायचे आणि गिऱ्हाइकाला हाक मारायचे.

चेतकच्या फ्लायव्हीलवर पंखा असतो आणि सिलिंडरभोवती आवरण. ते आवरण काढून गाडी पळवली की इंजिन जाम होतं, हे मला चौथीत ठाऊक होतं. वारा पंखा देतो, पण त्या वाऱ्याला सिलिंडरच्या पात्यांमधून फिरायची वाट ते आवरण दाखवतं. पुढे ज्या इंजिनापाशी माझे दोन उन्हाळे गेले, त्याचं मर्म मी असं दुकानाच्या पायरीवर शिकले होते.

आता मी लुडविग्सबुर्गला राहते. स्टुटगार्टच्या उत्तरेला, पोर्शेच्या त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यापासून गाडीनं थोड्या वेळाच्या अंतरावर. (स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.) माझी नोकरी मोजमापाच्या उपकरणांची. काही वर्षं पैसे साठवून मी १९८२ ची पोर्शे ९११ एससी घेतली. मागच्या बाजूला आडवं पडलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. क्षमता २,९९४ घन सेंटिमीटर, ताकद २०४ अश्वशक्ती. रेडिएटर नाही, पाणी नाही. मोठा पंखा, पात्यांची सिलिंडरं आणि भरपूर तेल. तेलाची वेगळी टाकी असते, पुढच्या चाकाजवळ आणखी एक कूलर असतो, आणि क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य पेटीतल्या, बारीक नळ्या प्रत्येक पिस्टनच्या पोटावर तेलाची धार मारतात. लोक 'एअर-कूल्ड' म्हणतात, पण या इंजिनाची निम्मी भिस्त तेलावर आहे असं मी म्हणेन.

विकणाऱ्या गृहस्थांनी मलाही तेच वाक्य ऐकवलं होतं, 'इंजिन कधी उघडलेलं नाही.' मी ते कौतुक समजूनच घेतलं. पुढच्या वसंतात व्हॉल्व्हचं अंतर तपासायला बसले. इंजिन थंड असताना ते ०.१० मिलिमीटर ठेवायचं असतं. गाडीखाली आडवी झाले, खालच्या बाजूचं झाकण सोडलं. तेल ओघळलं आणि तेलाबरोबर एक नट तळहातावर पडला. नटात स्टडचा तुटका शेंडा तसाच होता. तुटलेला भाग काळपट, जुना. म्हणजे आज तुटलेला नव्हता. दुसऱ्या बाजूचं झाकण काढलं तर तिथेही एक.

हे स्टड म्हणजे क्रँककेसमधून निघून सिलिंडरला लागून त्याच्या तोंडावरच्या हेडपर्यंत जाणाऱ्या लांब सळ्या. प्रत्येक सिलिंडरला चार, एकूण चोवीस. सिलिंडर आणि हेड त्यांच्यामुळेच जागेवर आवळून राहतात. अॅल्युमिनियम तापलं की पोलादापेक्षा जास्त वाढतं. सिलिंडर लांब होतं, सळी तेवढी होत नाही, मग सगळा ताण आट्यांवर येतो. सत्तरच्या दशकात या गाड्यांचं क्रँककेस मॅग्नेशियमचं होतं, ते मऊ, त्यामुळे २.७ लिटरच्या इंजिनांत स्टड आट्यांसकट उपटून यायचे. त्यावर उपाय म्हणून अॅल्युमिनियमसारखं वाढणारं डिलावार नावाचं खास मिश्र पोलाद आलं. माझ्या एससीत क्रँककेस अॅल्युमिनियमचं आणि खालच्या रांगेतले बारा स्टड डिलावारचे. कल्पना चांगली होती. पण खालची बाजू एक्झॉस्टची, तिथे रस्त्यावरचा ओलावा लागतो, गंज बसतो आणि त्या गंजाच्या खळीतून डिलावार तडकतं. गाडी चालताना काही कळत नाही. थोडं तेल खाते, थंडीत किंचित टिकटिक करते, एवढंच. 'कधी न उघडलेलं' इंजिन आतून असं सुटत चाललेलं होतं.

मी आप्पांना फोन केला. त्यांचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. मशीनं विकली, पण मायक्रोमीटर आणि बोअर डायल त्यांनी घरी आणून ठेवले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "दोन तुटल्यात म्हणजे बाकीच्या बी त्याच वाटंवर असणार. उतरव." मेमध्ये ते तीन महिन्यांसाठी इकडे आले. बॅगेत आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला आणि त्याच्याखाली टॉवेलात गुंडाळलेली दोन्ही मापं.

इंजिन आणि गिअरबॉक्स या गाडीतून एकत्रच खाली उतरतात. मागची बाजू उंच करायची, जॅक खाली लावायचा, वायरी, नळ्या, क्लचची केबल सोडायची आणि इंच इंच उतरवायचं. त्याला आमचा एक शनिवार गेला. उघडायला मात्र आठ दिवस लागले, कारण आप्पांनी घाई करू दिली नाही. त्यांनी स्वयंपाकघरातली स्टीलची सात ताटं मागून घेतली. एका सिलिंडरचं एक ताट आणि सातवं क्रँककेसच्या आतल्या वस्तूंचं. त्यातले नट, वॉशर, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा दुसऱ्या ताटात जाता कामा नयेत. प्रत्येक वस्तू काढताना मोठ्यानं मोजायची आणि वहीत लिहायची. दुकानातही ते असंच करत.

चौथ्या आणि सहाव्या सिलिंडरात उभे ओरखडे निघाले. आप्पांनी आत नख फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. "लायनर कुठाय गं?" लायनर, म्हणजे आत बसवलेली बिडाची नळी, नव्हतंच. एससीला दोन प्रकारची सिलिंडरं येत. एक निकासिल, म्हणजे अॅल्युमिनियमवर निकेलचा मुलामा आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण. दुसरं अॅल्युसिल, म्हणजे सिलिकॉन भरपूर असलेलं अॅल्युमिनियम. त्याच्या पृष्ठभागावरचं मऊ अॅल्युमिनियम रसायनानं खरवडून सिलिकॉनचे कडक दाणे उघडे ठेवतात आणि त्या दाण्यांवर लोहाचा मुलामा दिलेला पिस्टन चालतो. माझी अॅल्युसिल निघाली, नेकारच्या काठी नेकारझुल्ममधल्या कोल्बेनश्मिटची. यांतलं कुठलंच चेतकसारखं पाव मिलिमीटर बोअर करून वाढवता येत नाही.

एका सुटे भाग विकणाऱ्यानं मला सल्ला दिला होता, 'होनिंग मारा, नव्या रिंगा टाका, कोण बघतंय आत?' पैसे पुष्कळ वाचणार होते आणि माझं मन तिकडे झुकलंही होतं. आप्पांना मी सिलिकॉनच्या दाण्यांची गोष्ट समजावून सांगितली. साधा दगड फिरवला की ते दाणे मोडतात, त्यांच्यावर अॅल्युमिनियम सारवलं जातं आणि पिस्टन खरडायला लागतो. या माणसानं आयुष्यात किती सिलिंडरं होन केली असतील याचा हिशेब नाही. त्यांनी ते सिलिंडर पुसलं आणि ताटात परत ठेवलं. "जे आपल्याला म्हाईत न्हाई, त्याला दगड लावायचा न्हाई." मग तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

सहाही सिलिंडरं नवी घ्यायची ठरल्यावर माप वाढवायचा विचार आला. एससीचं बोअर ९५ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७०.४. ९८ मिलिमीटरची निकासिल सिलिंडरं आणि त्यांचे पिस्टन स्टुटगार्टच्याच माले कंपनीचे मिळतात आणि ते एससीच्या क्रँककेसमध्ये कापकूप न करता बसतात. तीन मिलिमीटरनं काय होणार असं वाटेल. हिशेब करून बघा. २,९९४ चे ३,१८६ घन सेंटिमीटर होतात, म्हणजे १९२ ची वाढ. आख्ख्या चेतकचं इंजिन १४५ चं. आप्पांनी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर स्वतः करून पाहिला, परत एकदा करून पाहिला, आणि मग म्हणाले, "म्हणजे आणि एक स्कूटर आत बसली की गं!"

हे मूळ इंजिनाशी बेइमानी करणं आहे का, असा प्रश्न मला इथल्या काही जुन्या गाडीवाल्यांनी विचारला. त्यांना मी इतिहासच सांगितला. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ नावानं आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीनं हक्क सांगितला म्हणून ती ९११ झाली. तिचं पहिलं इंजिन १,९९१ घन सेंटिमीटरचं, बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ६६. हान्स मेत्स्गर आणि फर्डिनांड पीएख या अभियंत्यांची नावं त्याच्याशी कायमची जोडलेली आहेत. मग कारखान्यानंच ते वाढवत नेलं. बोअर ८४ करून २.२ लिटर. स्ट्रोक ७०.४ करून २.४. १९७३ च्या कॅरेरा आरएसमध्ये बोअर ९० आणि २.७ लिटर. तिथे बिडाचा थर जाऊन निकासिल आलं, भिंत पातळ करता आली, म्हणूनच ते ९० बसलं. मग ९५ वर ३.० लिटर, लांब स्ट्रोकवर ३.२ आणि शेवटी १०० मिलिमीटरवर ३.६. एवढं सगळं होताना शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतलं ११८ मिलिमीटरचं अंतर तेच राहिलं. १९९८ मध्ये हवेवर थंड होणारी शेवटची ९११ बाहेर पडली, तोवर ते इंजिन आपल्या जन्माच्या मापाच्या पावणेदोन पटीच्या वर गेलेलं होतं. ज्या इंजिनाला त्याच्या आईबापांनीच तीस-पस्तीस वर्षं वाढवलं, त्यात तीन मिलिमीटर वाढवणं म्हणजे त्याच घराण्याची रीत पुढे चालवणं, असं मला मनापासून वाटतं.

व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट मी मूळचेच ठेवले आणि इंधनाची बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणाही तीच. आत येणारी हवा एक पत्रा उचलते, आणि पत्रा जेवढा उचलला जाईल तेवढं पेट्रोल जातं. इंजिन थोडं जास्त श्वास घेऊ लागलं तर पत्रा थोडा जास्त उचलला जातो, तिचं काम बिघडत नाही. चढे कॅम घातले असते तर त्या पत्र्याला धक्के बसले असते. मला शर्यत लावायची नव्हती.

आता क्रँककेस बंद करण्याचा दिवस. यात कागदाची पॅकिंग नसते. दोन अर्धे भाग, दोघांवर एकच जोडी-क्रमांक, आणि मधे नारिंगी रंगाच्या सीलंटचा पातळ थर. भाग एकमेकांना चिकटून हवा तुटली की ते सीलंट घट्ट व्हायला लागतं, म्हणून एकदा मिटल्यावर सगळे नट क्रमानं आणि ताबडतोब आवळावे लागतात. आतमध्ये आठ मेन बेअरिंगांवर क्रँक, तिच्याखाली मधला शाफ्ट आणि त्याला जोडलेला तेलाचा पंप, सगळं आधी बसलेलं हवं. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवेच घालायचे, कारण एकदा ताणलेला बोल्ट परत वापरत नाहीत. आम्ही आदल्या रात्री सगळी मांडणी करून ठेवली, सकाळी सीलंट लावलं, मिटवलं, आवळलं. पाऊण तास गेला. मी हात धुऊन आले तर आप्पा सातव्या ताटाकडे बघत उभे होते. ताटात एक ओ-रिंग होती. काळी, रबरी, करंगळीच्या नखाएवढी. पंप आणि क्रँककेस यांच्या मधल्या तेलाच्या वाटेवरची.

ती राहिली असती तर बाहेर एक थेंब गळला नसता. दाब आतल्या आत निसटला असता आणि काही हजार किलोमीटरनंतर बेअरिंगं गेली असती. मी पाच मिनिटं तिथेच पायरीवर बसले. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी पाना घेतला आणि नट सोडायला सुरुवात केली. संपूर्ण दिवस सीलंट खरवडण्यात गेला, लाकडी पट्टीनं, कारण लोखंडी पात्यानं अॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो. दुसऱ्या दिवशी नव्यानं मोजून, नव्यानं लावून पुन्हा मिटवलं. या वेळी सातवं ताट रिकामं होतं आणि दोघांनी तसं वहीत लिहून सह्या केल्या.

सिलिंडरं चढवल्यावर एक माप घ्यावंच लागतं. पिस्टन सगळ्यात वर आला की त्याची कड आणि हेड यांच्यात किती जागा उरते ते. कमी पडली तर तापल्यावर पिस्टन हेडला शिवेल, जास्त झाली तर दाब घटेल. एक मिलिमीटरच्या आसपास हवी. आप्पांची पद्धत सोल्डरच्या तारेची. गजनपिनच्या, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनेच्या, रेषेत पिस्टनच्या कडेला तारेचे दोन तुकडे ग्रीसनं चिकटवायचे, हेड तात्पुरतं आवळायचं, क्रँक हातानं एकदा पूर्ण फिरवायची, हेड काढायचं, आणि चेपलेली तार मोजायची. त्यांनी आपल्या मायक्रोमीटरवर बघितलं. तो इंचाचा, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "त्रेचाळीस थाऊ." मी माझ्या डिजिटल मायक्रोमीटरवर तीच तार घेतली. १.०९ मिलिमीटर. त्रेचाळीस थाऊचे १.०९ च होतात. ती चेपलेली तार मी वहीच्या त्या पानावर चिकटपट्टीनं लावून ठेवली आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. चोवीसच्या चोवीस स्टड साध्या चांगल्या पोलादाचे घातले. हेड टप्प्याटप्प्यानं ३२ न्यूटन-मीटरवर आवळली. चेन ताणून धरणारे टेन्शनर पुढच्या मॉडेलचे, तेलाच्या दाबावर चालणारे बसवले, कारण जुने बसके निघतात हे सगळ्या ९११ वाल्यांना माहीत आहे. पिस्टनच्या पोटावर तेल मारणाऱ्या सहाही नळ्या एकेक करून तपासल्या. पंख्याभोवतीचं आणि सिलिंडरवरचं एकही आवरण, एकही रबरी पट्टी वगळली नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन चालू केलं. आधी ठिणगी बंद ठेवून स्टार्टर फिरवला, तेलाचा काटा वर येईपर्यंत. मग ठिणगी जोडली. दोन-तीन वळशांत पकडलं. आप्पा आधी पंख्यापाशी गेले, हात धरून वारा बघितला. मग लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक क्रँककेसवर ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकत गेले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी त्यांनी मान हलवली, दुकानात हलवायचे तशीच. एक हजार किलोमीटरनंतर तेल बदललं आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडून पाहिल्या. धातूची चमक कुठेही नव्हती. तोवर आप्पा परत गेले होते, त्यांना फोटो पाठवले.

आता नियमांकडे येते. जर्मनीत १९९७ पासून जुन्या गाड्यांना वेगळी नंबरपट्टी मिळते, शेवटी 'एच' अक्षर असलेली. गाडी किमान ३० वर्षांची हवी, चांगल्या स्थितीत हवी, आणि तिच्यातले बदल तिच्या काळाला धरून हवेत. कर मोटारीला सरसकट वर्षाला १९१.७३ युरो. रोज चालवायला बंदी नाही. माझ्या इंजिनाची वाढलेली क्षमता मी लपवली नाही. तपासणी करणाऱ्या अभियंत्यांना सिलिंडरांची कागदपत्रं दिली आणि आप्पांची वही दाखवली. मराठी त्यांना वाचता येईना, पण आकडे आले. ९८ मिलिमीटरपर्यंतची वाढ या गाडीच्या काळातलीच म्हणून मान्य झाली, नोंदणीपत्रात ३,१८६ लिहिलं गेलं आणि 'एच' कायम राहिला.

आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैमध्ये विंटेज वाहनांचे नियम आणले. नोंदणीत 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. वेगळी नोंद झाली हे चांगलंच झालं. पण वयाची अट ५० वर्षांची आहे, रोजच्या वापराला परवानगी नाही, आणि गाडी मूळ रूपात राखलेली, भरीव फेरदुरुस्ती न झालेली असली पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. माझा आक्षेप या 'फेरदुरुस्ती' शब्दाला आहे. पन्नास वर्षं चाललेल्या इंजिनाच्या रिंगा, बेअरिंगं, पिस्टन बदललेच नसतील, तर ते इंजिन एकतर चाललेलं नाही किंवा आता चालण्याच्या लायकीचं नाही. पाव मिलिमीटर बोअर वाढवून वरच्या मापाचा पिस्टन घातला तर ती भरीव फेरदुरुस्ती धरायची का? नव्या लायनरचं काय? आरटीओच्या खिडकीवर याचा अर्थ ज्याला जसा लागेल तसा लावला जाणार, आणि भिऊन मालक म्हणणार, 'इंजिन उघडलंच नाही.' आपल्या पुरवणीतली ती ओळ मला याच भीतीची वाटते.

माझी मागणी साधी आहे. झिजलेले भाग बदलणं आणि उत्पादकानं ठरवलेल्या वरच्या मापात बोअर करणं याला नियमात स्पष्टपणे देखभाल म्हणावं. त्या काळात रूढ असलेली वाढ केली असेल तर ती तपासून नोंदणीपत्रात लिहावी. आणि काम करणाऱ्यानं सही केलेली मापांची वही हा अधिकृत पुरावा मानावा. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, पुणे, नाशिक, जिथे जिथे बोअरिंगची दुकानं अजून चालू आहेत तिथे अशी वही लिहू शकणारी माणसं आहेत. आज त्यांच्याकडे जुन्या गाडीचा मालक चोरून जातो. त्यांनी केलेल्या कामावर त्यांची सही राहावी, त्या सहीला किंमत असावी, आणि दुकानात काम शिकणाऱ्या पोराला ती सही करायची वेळ यावी असं मला वाटतं. आप्पांच्या दुकानाला गिऱ्हाईक होतं, पण शिकायला कुणी आलं नाही म्हणून ते बंद पडलं.

सोबत आमच्या वहीतल्या दोन पानांची छायाप्रत जोडली आहे. एका पानावर सहाही सिलिंडरांची मापं आहेत, माझ्या हातची मिलिमीटरमध्ये आणि त्यांच्याशेजारी आप्पांच्या हातची थाऊमध्ये. दुसऱ्या पानावर ती चेपलेली सोल्डरची तार आहे. पुरवणीत पुन्हा कधी जुन्या गाड्यांचे फोटो आले, तर इंजिन शेवटचं कधी उघडलं आणि कुणी बांधलं हे मालकाला विचारून फोटोखाली त्या कारागिराचं नाव छापावं, ही विनंती.

आपली नम्र,
उद्यमनगरच्या बोअरिंगवाल्यांची मुलगी
लुडविग्सबुर्ग, जर्मनी